विदर्भातली शिलावर्तुळं उकरू नका

शिलावर्तुळांचा, म्हणजे धोंड्यांची वर्तुळं मांडून केलेल्या प्राचीन दफनांचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: खाली सोनं असतं का? क्वचित असतं. पण त्या आशेने जेसीबी लावणारा माणूस नेमकं काय संपवतो, ते एकदा स्पष्ट लिहायलाच हवं.

नागपूरजवळचं जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, पारशिवनी तालुक्यातलं नैकुंड ही सगळी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली दफनस्थळं. मोठमोठे धोंडे गोलाकार मांडायचे आणि आत काळी चिकण माती, मुरूम, गोटे यांचा भराव घालायचा, अशी साधारण रचना. मयताची हाडं, काळी-तांबडी भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर या भरावाखाली किंवा भरावात सापडतात. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. हाडं आणि भांडी आधीच तुकडे होऊन पडलेली असतात, म्हणून कोणता तुकडा कुठे होता यालाच किंमत.

माहुरझरीचं उदाहरण घ्या. १९७० ते ७२ मध्ये पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन झालं. माणसांबरोबर घोडेही पुरलेले निघाले, तांब्याच्या पत्र्याच्या साजासकट. काही हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत, म्हणजे घोडा मुद्दाम मारला असावा. हाच पत्रा नुसता हातात आला असता तर भंगारात गेला असता. घोड्याच्या कवटीशेजारी मिळाला म्हणून त्याचा साज ठरला.

म्हणूनच उत्खनन करताना वर्तुळाचे चार भाग पाडतात, मध्ये न खोदलेल्या मातीचा उभा-आडवा बांध राखतात आणि समोरासमोरचे दोन भाग आधी खोदतात. बांधाच्या कडेला मातीच्या थरांचा उभा छेद दिसतो आणि त्यावरून कळतं: भराव एकदाच टाकला, की खड्डा नंतर पुन्हा उघडला गेला. चोरांचा खड्डा तर लगेच ओळखू येतो, थर कापून खाली गेलेली भुसभुशीत, सरमिसळ माती. असं वर्तुळ मला सर्वांत जास्त त्रास देतं, कारण त्याचं उत्तर कुठलीही प्रयोगशाळा परत देऊ शकत नाही.

लोखंडाचं वेगळंच. सापडलं की लोक ते नळाखाली धुतात आणि तारेच्या ब्रशने घासतात. अडीच हजार वर्षांच्या गंजात क्षार मुरलेले असतात. ओल आणि हवा मिळाली की पापुद्रे सुटून मूळ आकारच जातो. वस्तू कोरडीच ठेवावी. भांड्यातली मातीही काढू नये, त्यात धान्य किंवा कोळसा असू शकतो, आणि कोळशावरून काळ काढता येतो.

शेतात वर्तुळ असेल तर मुरूम उचलू नका, दगड बांधाला लावू नका. वस्तू वर आलीच तर जागेवर ठेवून गट क्रमांकासह फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि तहसीलदार किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. १८७८ चा निखात निधी कायदा दहा रुपयांवरच्या गुप्तधनालाही लागू आहे. धोंड्यांवर वाटीसारखे खळगे दिसले तर खडू भरू नका. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात फोटो घ्या, ते आपोआप उठून दिसतात.