घड्याळाला आईची जाग दिसली नाही

गेले काही आठवडे एक लांबलचक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. आमच्या घरच्या ग्रुपवर तो तिघांनी टाकला. म्हणणं असं: मनगटावर स्मार्टवॉच बांधा, झोपेचा स्कोअर, म्हणजे घड्याळ झोपेला देतं ते शंभरपैकी गुण, रोज ८५ च्या वर ठेवा, रात्री दोन तास गाढ झोप झालीच पाहिजे, एवढं जमलं की शुगर आणि बीपी आपोआप ताब्यात येतात. आणि ऑक्सिजन घड्याळातच दिसतो, तेव्हा झोपेची महागडी तपासणी करायची गरज नाही. तो वाचून माझ्या मावशीने ठरलेली तपासणी रद्द केली, म्हणून हे लिहायला बसले.

स्कोअरपासून सुरुवात करते, कारण सगळा मजकूर त्यावरच उभा आहे. माझ्या आईला पंधरा वर्षं मधुमेह आहे, चार वर्षांपासून हृदय कमजोर आहे, आणि गेले आठ महिने तिच्या हातात असं घड्याळ आहे. आम्ही लालबागला चाळीत राहतो, दहा बाय बाराची खोली, झोपणारी माणसं चार. भाऊ सेकंड शिफ्ट करून साडेबाराला येतो. आईला जाग आली तरी ती उठत नाही, दिवा लावत नाही, कूससुद्धा बदलत नाही. पोरांची झोपमोड नको म्हणून भिंतीकडे तोंड करून पडून राहते. एका सकाळी घड्याळाने तिला ८८ दिले. मी खुशीत चहा घेऊन गेले तर म्हणाली, "अगं, दोनपासून टक्क जागी होते."

घड्याळ खोटं बोललं नव्हतं, त्याला तेवढंच कळतं. ते हाताची हालचाल मोजतं आणि कातडीवर हिरवा उजेड टाकून नाडी टिपतं. हात हलला नाही, नाडी संथ राहिली, की ती झोप. झोपलेल्याला झोपलेला म्हणण्यात ही घड्याळं सहसा चुकत नाहीत. जागं असून निपचित पडलेल्याला ओळखण्यात मात्र ती कच्ची आहेत, आणि झोपेच्या डॉक्टरांना हे चांगलं ठाऊक आहे. त्यात आईच्या बीपीच्या गोळीने नाडी मुळातच मंद होते. शिवाय स्कोअर काढायची रीत प्रत्येक कंपनीची आपापली. शेजारणीचे ९१ आणि आईचे ७६ शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

गाढ झोपेच्या दोन तासांनी तर मला राग येतो, कारण त्याने म्हातारी माणसं घाबरतात. गाढ झोप ठरते ती मेंदूतल्या संथ, मोठ्या लहरींवरून. त्या टिपायला डोक्याला तारा लावाव्या लागतात. मनगटावरून निघतो तो अंदाज. निरोगी, तरण्या माणसातही ही झोप रात्रीचा साधारण पाचवा हिस्सा असते, म्हणजे सात तासांत दीडच्या आतबाहेर. वय वाढतं तशी ती आणखी कमी होते. साठीच्या बाईला दोन तासांचं लक्ष्य देणं म्हणजे तिला रोज नापास करणं. आकड्याच्या धास्तीनेच झोप उडते, हे डॉक्टरांनी इतक्यांदा पाहिलं की २०१७ साली त्याला 'ऑर्थोसोम्निया' असं नाव मिळालं.

शुगरच्या मुद्द्यात तथ्य आहे, ते नाकारणार नाही. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला एक प्रयोग आहे: अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री चारच तास अंथरुणात राहू दिलं, आणि तेवढ्यात त्यांच्या शरीराची साखर हाताळायची ताकद घटली. अपुरी झोप मधुमेहाला वाईटच. पण त्यावरून 'स्कोअर चांगला म्हणजे शुगर चांगली' हे कुठून आलं? मागच्या तीन महिन्यांची शुगर रक्ताची एचबीएवनसी तपासणी सांगते. रात्री शुगर उतरली तर घाम येतो, वाईट स्वप्नं पडतात, सकाळी डोकं जड होतं. घड्याळात ती फार तर अस्वस्थ रात्र दिसेल, तिच्यामागे शुगर आहे हे शुगर मोजूनच कळेल. सुई न टोचता शुगर दाखवण्याचा दावा करणाऱ्या घड्याळांवर आणि अंगठ्यांवर विसंबू नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर तो जरूर लक्षात ठेवावा.

आता तपासणी. 'स्लीप अ‍ॅप्निया' या आजारात झोपेत श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबतो किंवा फार उथळ होतो, तासाला असं किती वेळा होतं ते तपासणीत मोजतात. पाचपासून पुढे आजार, तीस किंवा त्यावर तीव्र. २०२४ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांच्या घड्याळांना अमेरिकेत या आजाराची शंका कळवायची परवानगी मिळाली, हे खरं. परवानगी शंका कळवायची आहे, निदानाची नाही. सूचना आली तर डॉक्टरकडे जायचं. नाही आली म्हणून आजार नाही, असं कंपन्याही म्हणत नाहीत. आणि पट्टा सैल असला, हात गार पडला, तरी घड्याळातला रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा बदलतो. कातडीचा रंग गडद असेल तर बोटाला लावायची यंत्रंसुद्धा चुकतात. तपासणीसाठी दवाखान्यात रात्र काढावीच लागते असंही नाही. अनेकांना घरी नेऊन करायची सोपी तपासणी चालते.

मग घड्याळ काढून ठेवायचं का? आम्ही नाही काढलं. आठ महिन्यांत त्याने एक मोलाचं काम केलं. आई उठून मोरीकडे गेली की हात हलतो, आणि ती वेळ बरोबर पकडली जाते. महिनाभराची पानं पाहिली तर साडेअकरा, एक, अडीच अशा उठण्याच्या खुणा जवळजवळ रोज. पहाटे साडेचारची खूणही रोज, पण ती आजाराची नव्हे: आमच्या मजल्यावर तेव्हा पाणी येतं आणि पिंप भरायला तीच उठते. हे घड्याळाला माहीत असणं शक्य नाही, म्हणून मी शेजारी वही ठेवली. उठली तर का, पाय सुजले का, धाप लागली का, उशा किती घेतल्या. हृदयाचे डॉक्टर उशांचं हटकून विचारतात, कारण सपाट झोपल्यावर धाप लागून उशा वाढत गेल्या तर ती धोक्याची खूण असते.

ओपीडीत आमच्या वाट्याला पाच मिनिटं येतात. त्यात नव्वद आलेख कोण बघणार? मी एका कागदावर उठण्याच्या वेळा आणि गोळ्यांच्या वेळा शेजारी शेजारी लिहून नेल्या. डॉक्टरांनी बोट ठेवलं ते लघवीच्या दुसऱ्या गोळीवर. आई ती रात्री आठला घेत होती. ती दुपारी घ्यायला सांगितली. ही वेळ त्यांनी बदलली, आम्ही मनाने नाही, आणि कुणी मनाने बदलूही नये. आता ती रात्री एकदा उठते. त्या आठवड्यात स्कोअर ७९ वरून ८१ झाला, बस्स. आईला पडलेला फरक त्या दोन गुणांत मावणारा नाही.

मावशीशी काल फोनवर बोलले. ती घोरते, मध्येच गप्प होते आणि मग दचकून श्वास घेते, हे काका कित्येक वर्षं सांगत आहेत. दिवसा बसल्या बसल्या तिचा डोळा लागतो. तिच्या घड्याळाने यातलं काहीच कळवलेलं नाही. तपासणी पुन्हा ठरली आहे, येत्या गुरुवारी. काकांनी मोबाइलवर तिचं घोरणं रेकॉर्ड केलं आहे, ते डॉक्टरांना ऐकवायला सोबत न्या म्हटलं.