गाडी मोडकी आहे, असं लिहून विकता आलं पाहिजे

1 जुलै 2025 ला दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना पंपावर इंधन नाकारायला सुरुवात झाली आणि दोन-तीन दिवसांतच तो निर्णय गुंडाळून ठेवावा लागला. जुन्या गाड्यांवरचं भांडण मात्र थांबलेलं नाही, आणि ते इथे इंग्लंडातल्या मराठी घरांतही तितक्याच जोरात चालतं. एक पक्ष म्हणतो, धूर ओकणारी खटारी सरळ भंगारात घाला. दुसरा पक्ष मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची आठवण काढून गहिवरतो. वीस वर्षांची मुदत संपल्याने ती ऑक्टोबर 2023 अखेर टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. दोघंही भांडतात ते वयावर. चालत नाही पण दुरुस्त होऊ शकते अशी गाडी मालकाने ठेवायची कशी आणि विकायची कशी, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते सगळं अडतं ते तिथेच. जुन्या गाड्या हौशी लोकांच्या प्रेमाने जगतात हे अर्धंच खरं आहे; मोडक्या अवस्थेत त्यांना उजळ माथ्याने गिऱ्हाईक मिळतं, म्हणून त्या जगतात.

ब्रिटनमधलं एक उदाहरण घेऊ: मॉरिस मायनर ट्रॅव्हलर. 1953 ते 1971 या काळात बनलेली ही छोटी स्टेशन वॅगन. मायनरचीच सुरुवातीची आवृत्ती आपल्याकडे ‘बेबी हिंदुस्थान’ म्हणून विकली जायची. ट्रॅव्हलरचा मागचा अर्धा भाग अ‍ॅश लाकडाच्या चौकटीवर उभा आहे, आणि ते लाकूड शोभेचं नाही. मागची बॉडी तेच पेलतं. त्यामुळे इथल्या वार्षिक तपासणीत, म्हणजे एमओटीत, कुजलेल्या लाकडावर गाडी नापास होते. विकणाऱ्याने पहिली नजर टाकायची ती इथेच.

लाकूड कुजतं ते ठरलेल्या जागी. सरकत्या खिडक्यांच्या खाचेत शेवाळ आणि कचरा साचतो, पाण्याला वाट राहत नाही आणि ते खालच्या आडव्या पट्टीत मुरतं. उभे खांब या पट्टीला जिथे मिळतात ते सांधे, मागचे कोपऱ्याचे खांब आणि मागच्या दोन दारांच्या तळकडा, या जागा बोथट स्क्रूड्रायव्हरने दाबून बघाव्यात. सांध्याभोवती काळा डाग म्हणजे पाणी आत शिरलेलं आहे. डाग असूनही लाकूड टणक लागलं तर ते वाचू शकतं, टोक आत रुतलं तर तो तुकडा गेला. काही ठिकाणी रंगवलेली पुट्टी भरून वर व्हार्निश मारलेलं असतं. नखाने टकटक केलं की आवाज बदलतो आणि लाकडाचे धागे मध्येच तुटलेले दिसतात.

लाकूड परवडलं पण पत्रा नको, अशीही गाडी भेटते. पुढच्या सीटांखाली आडवी जाणारी क्रॉसमेंबर, म्हणजे पत्र्याची तुळई, सगळ्यात महत्त्वाची, कारण पुढच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) तिथे मागून अडकवलेले आहेत. ती गंजली तर प्रश्न फक्त फरशीचा राहत नाही. जॅक लावायच्या जागा, दारांखालचे आतले सिल, मागच्या पाटा-स्प्रिंगांचे हँगर आणि चासीचे पुढचे पाय, म्हणजे पुढे जाणारे लांब दांडे, हेही बघायचे. ब्रेकचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली चासीच्या पायातच बसवलेला आहे. तो गळत असेल तर काढताना टॉर्शन बार आडवा येतो, म्हणून ‘ब्रेकचं किरकोळ काम आहे’ असं जाहिरातीत लिहू नये. जाणकार गिऱ्हाईक हसेल आणि नवखा नंतर फसेल. पुढच्या चाकांचे ट्रनियन, म्हणजे चाक ज्यांवर वळतं ते सांधे, हा दुसरा धोका: त्यातल्या पेचाला वेळच्या वेळी ग्रीस मिळालं नाही तर आटे झिजतात, आणि एक दिवस चाक मडगार्डाखाली आडवं होतं. इंजिनाची तुलनेने काळजी नाही. शेवटच्या गाड्यांतलं 1098 सीसीचं ए-सिरीज इंजिन साधं, आणि त्याचे भाग आजही नवे मिळतात.

आता मुख्य सल्ला, आणि तो अनेकांना पटत नाही: विकायच्या आधी दुरुस्ती काढू नका. संपूर्ण लाकूडकाम बसवून घ्यायचं तर हजारो पौंड जातात आणि विक्रीच्या किमतीत ते पूर्ण वसूल होत नाहीत. अर्धवट केलं तर आणखी वाईट. नवा रंग, नवं व्हार्निश, तळाला फासलेलं ताजं काळं अंडरसील हे सगळं गिऱ्हाइकाला संशयास्पदच वाटतं, आणि वाटायलाही हवं. त्याऐवजी चार कामं करावीत. चाकं मोकळी फिरतील आणि टायरांत हवा टिकेल असं बघा, म्हणजे गाडी विंचने ट्रेलरवर चढेल. ब्रेक जाम असलेल्या गाडीसाठी वाहतूकवाला जास्त पैसे मागतो. सुटे भाग पिशव्यांत घालून प्रत्येकीवर चिठ्ठी लावा. बॅटरीचं अर्थिंग, म्हणजे बॉडीला जोडलेलं टोक, पॉझिटिव्ह आहे की नंतर निगेटिव्ह केलं ते स्पष्ट लिहून ठेवा, कारण या गाड्या मुळात पॉझिटिव्ह अर्थिंगच्या आणि उलटी बॅटरी लावली तर नंतर बसवलेला रेडिओ किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन जळू शकतं. आणि फोटो काढा ते कुजलेल्या जागांचे, जवळून, शेजारी पट्टी धरून. समोरून काढलेले चकचकीत फोटो एकदोन पुरे.

चासी नंबराची प्लेटही तपासा. बल्कहेडवरच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पडद्यावरच्या, त्या नंबरात ट्रॅव्हलरला डब्ल्यू हे अक्षर असतं, डीलक्स गाडीला ‘एमएडब्ल्यू5डी’ असं. साधी सलून मोटार (सेडान) कापून ट्रॅव्हलर केलेल्या गाड्या असतात, म्हणून गिऱ्हाईक हे विचारतंच. मूळ नंबर प्लेट मात्र गाडीवरच राहू द्या. ती वेगळी काढून विकायचा मोह होतो, पण जन्मापासूनचा नंबर गेला की गाडीची किंमतही उतरते.

कागदोपत्री हे सगळं इतकं सोपं आहे की मुंबईच्या आरटीओची सवय असलेल्या माणसाला चुकल्यासारखं वाटावं. गाडी रस्त्यावर येणार नाही अशी घोषणा ऑनलाइन, फुकट करता येते. इथे तिला ‘सॉर्न’ म्हणतात. त्यानंतर कर नाही, विमा नाही, तपासणी नाही, फक्त गाडी खाजगी जागेत उभी हवी. विकताना गाडीच्या नोंदवहीतल्या (आपल्या आरसीसारखा कागद) अकरा आकडी क्रमांकाने ऑनलाइन कळवायचं आणि तिच्यातली हिरवी चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. एकच मेख: ती घोषणा नव्या मालकाकडे जात नाही, त्याला स्वतःची करावी लागते. हे पावतीतच लिहून दिलं तर नंतर कटकट नाही.

पावती नीट लिहायचं कारण आणखी एक आहे. ब्रिटनच्या 1988 च्या रस्ते वाहतूक कायद्याच्या कलम 75 प्रमाणे रस्त्यावर चालवायला अयोग्य गाडी विकणं हा गुन्हा आहे. पण दुरुस्त होईपर्यंत ती रस्त्यावर येणार नाही असं मानायला विकणाऱ्याकडे सबळ कारण असेल तर तो सुटतो. म्हणून पावतीवर ‘गाडी रस्त्यासाठी अयोग्य, दुरुस्तीसाठी विकली, ट्रेलरवरून नेली’ हे शब्द हवेत, खाली दोघांच्या सह्या. ‘आहे तशी विकली’ एवढ्याने भागत नाही. विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर दिलं असेल तर 1967 चा चुकीच्या निवेदनाबद्दलचा कायदा खाजगी विक्रेत्यालाही गाठतो.

इथलं सगळंच आदर्श आहे असं समजू नका. मे 2018 पासून चाळीस वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना एमओटीतून सूट आहे. म्हणजे वर सांगितलेल्या सडक्या क्रॉसमेंबरची गाडी कुणी वर्षानुवर्षं न तपासता चालवू शकतो. कायद्याने जबाबदारी त्याचीच, पण बघतं कोण? ही सूट मला चूक वाटते. चालू स्थितीतली जुनी गाडी विकणाऱ्याने तरी स्वखुशीने तपासणी करून तो कागद जाहिरातीला जोडावा. लंडनच्या प्रदूषण शुल्कातही असाच विरोधाभास आहे. ऑगस्ट 2023 पासून ते सगळ्या लंडनला लागू झालं. 2010 ची डिझेल गाडी चालवणाऱ्या कामगाराला दिवसाला साडेबारा पौंड पडतात आणि 1970 ची ट्रॅव्हलर रविवारी फिरवणाऱ्याला काहीच नाही. मायदेशी ‘ब्रिटनमध्ये बघा’ म्हणणाऱ्यांनी हेही सांगायला हवं.

आता घरचं. समजा पुण्यात एखाद्याकडे 1990 ची पद्मिनी बंद पडून आहे. नोंदणीचं नूतनीकरण हवं तर गाडी फिटनेसला नेऊन पास करावी लागते, म्हणजे आधी चालती करावी लागते. मुदत उलटली की दर महिन्याला 500 रुपये विलंब शुल्क, वर्षाचे 6000, आणि गाडी तर विटांवर उभी. ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरणाचं मूळ शुल्कच 10,000 झालं आहे. विकायची तर विमा, पीयूसी आणि चालू नोंदणी यांशिवाय नावावर होत नाही. मग घडतं ते सगळ्यांना माहीत आहे: मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या, रोख पैसे, आणि गाडी गेली. नोंदीवर नाव जुन्याच मालकाचं. पुढे अपघात झाला तर नुकसानभरपाईसाठी जबाबदार नोंदीवरचाच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलेलं आहे. शहाणा माणूस या फंदात पडत नाही, तो कुर्ल्याला भंगारवाल्याला फोन करतो. जिचं इंजिन आणि पत्रा दोन्ही वाचले असते अशी गाडी अशी कापली जाते.

पन्नास वर्षं पूर्ण झाली की 2021 च्या व्हिंटेज नियमांत जागा आहे: 20,000 रुपये, ‘व्हीए’ मालिकेतला नंबर, दहा वर्षांची नोंदणी, आणि रोजच्या वापराला बंदी. नियम वाईट नाही. पण गाडी मूळ रूपात हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठी फेरदुरुस्ती झालेली नको, ही अट मुंबई-गोव्याच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीला कशी लावायची? पन्नास वर्षांत फरशीचा पत्रा न बदललेली गाडी तिथे उरतच नाही. ब्रिटनने ऑगस्ट 2025 मध्ये नेमका हाच गुंता सोडवला: होतं तसंच परत बसवलं आणि नोंदवहीतला तपशील बदलला नाही, तर ती दुरुस्ती कळवायचीही गरज नाही. ट्रॅव्हलरची सगळी लाकडी चौकट बदलली तरी ती ट्रॅव्हलरच.

वयाची मर्यादा पंधरा असावी की वीस, यावर दिल्ली-मुंबईत भांडत राहा, हवेच्या दृष्टीने तो वाद खराच आहे. उभी गाडी मात्र धूर सोडत नाही. तिच्यासाठी आरटीओच्या पोर्टलवर एक फुकटचा फॉर्म हवा: गाडी बंद आहे, खाजगी जागेत आहे, रस्त्यावर आणणार नाही. तो भरला की विलंब शुल्क थांबावं, त्याच अवस्थेत ती नव्या मालकाच्या नावावर करता यावी, आणि पास होईपर्यंत ती रस्त्यावर सापडली तर दंड जबर असावा.