पोपटांना दाणे नकोत, ढोल्या हव्यात

दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, आंदोलकांनी ती ताडपत्री फाडली, प्रकरण कोर्टात गाजत राहिलं. ऑगस्ट २०२५ मधलं हे सगळं रामायण मी सिडनीत बसून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऐकलं. मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करा, असं सरकारने जुलैत सांगितलं आणि आमच्या घरात दोन पक्ष पडले. मावशी भूतदयेच्या बाजूने, भाचा फुप्फुसांच्या बाजूने. भाच्याचा मित्र दम्याने बेजार आहे, त्यामुळे त्याच्या बोलण्याला धार होती. मावशीचं म्हणणं, एवढ्या मोठ्या शहराला मूठभर ज्वारी जड झाली का? मग कुणीतरी मला मध्ये ओढलं. मी सहा महिन्यांपूर्वी पाठवलेला फोटो त्यानेच वर काढला आणि खाली लिहिलं, "हे बघा, ताईच्या गॅलरीत पांढरेशुभ्र काकाकुवे येऊन बसतात. तिकडे कुणी तक्रार करतं का?"

करतात. भरपूर करतात. पण आधी त्या फोटोबद्दल सांगते, कारण तो काढायला मला बराच घाम गाळावा लागला होता. पांढरा पक्षी उन्हात बसला की कॅमेरा गोंधळतो. अंगाचा नुसता चुन्याचा फराटा होतो आणि पिसांचा तपशील जळून जातो. म्हणून मुद्दाम एखादा स्टॉप, म्हणजे प्रकाशाची एक पायरी, काळोख ठेवून काढावा लागतो. उलट पिवळ्या शेपटीचा काळा काकाकुवा आला, की सगळं नेमकं उलटं करायचं. त्या फोटोतला काकाकुवा कठड्यावर एका पायावर उभा आहे आणि दुसऱ्या पायात धरलेलं निलगिरीचं बोंड चोचीने सोलतो आहे. बोंड धरलेला पाय डावा. पिवळ्या तुऱ्याचे काकाकुवे झाडून सगळे डावखुरेच असतात, हे इथल्या अभ्यासकांनी मोजून सांगितलं आहे. मावशीने फोटो मोठा करून पाहिला आणि तिची पहिली प्रतिक्रिया होती, "डाव्या हाताने खातोय मेला!" डोळ्याकडेही बघा, असं मी तिला सांगितलं. बुबुळ काळंभोर दिसलं तर नर, लालसर तपकिरी झाक असली तर मादी. कॅमेऱ्यामुळे ही सवय लागते. नुसत्या डोळ्यांनी आपण 'पोपट आला' एवढंच बघतो.

पश्चिम सिडनीत राहणाऱ्याला पोपट शोधायला रानात जावं लागत नाही. स्टेशनबाहेरच्या झाडांवर संध्याकाळी इंद्रधनुषी लोरिकीटांची शाळा भरते, तेव्हा फोनवर बोलणं अशक्य होतं. क्रिकेटच्या मैदानावर गुलाबी-करडे गाला गवताच्या मुळ्या उकरत असतात. कोरेला विजेच्या तारेला उलटे लटकून खेळतात. हो, खेळतात, दुसरा शब्द मला सापडत नाही. हिवाळ्यात लालभडक डोक्याचा किंग पॅरट आणि हिरव्या डोक्याची त्याची मादी जोडीने येतात. पहिली काही वर्षं मी येडी होऊन सगळ्यांचे फोटो काढले. आता थोडी शिस्त आली आहे.

तर तक्रारींबद्दल. काकाकुव्याची चोच कधी रिकामी राहत नाही. लाकडी कठडे, खिडक्यांच्या चौकटी, बागेतल्या खुर्च्या, सगळ्यांचा भुगा पाडतात. कचऱ्याच्या चाकाच्या पेट्यांची झाकणं चोचीने उचलून, कडेकडेने चालत उलटी पाडायची कला त्यांनी एकमेकांकडून उचलली. २०२१ साली 'सायन्स' या नियतकालिकात यावर संशोधन आलं. २०१८ पूर्वी सिडनीच्या तीन उपनगरांत दिसणारी ही करामत २०१९ संपेपर्यंत ४४ उपनगरांत पोचली होती. लोकांनी झाकणावर विटा ठेवल्या, तर पक्ष्यांनी विटा ढकलल्या. मग बिजागरीत जुने बूट आणि काठ्या खुपसणं सुरू झालं. आमच्या गल्लीतही एक बूट आहे, आणि काकाकुवे अजून तरी त्याच्यापुढे हरलेले दिसतात.

दाणे घालण्यावरूनही इथे वाद आहेतच. राष्ट्रीय उद्यानात वन्य प्राण्यांना खायला घालणं गुन्हा आहे. घरच्या अंगणात मात्र पुष्कळ लोक घालतात, पाव घालतात, मधाचं पाणी ठेवतात. लोरिकीटची जीभ फुलातला मकरंद आणि पराग टिपायला ब्रशसारखी केसाळ असते. त्याला पाव म्हणजे पोटदुखीला आमंत्रण. एका थाळीवर पन्नास पक्षी आले की चोच आणि पिसं झडवणारा विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातो. टक्कल पडलेले काकाकुवे मी लेन्समधून पाहिले आहेत, त्यांचे फोटो ग्रुपवर पाठवले नाहीत.

म्हणून कबुतरखान्याच्या बाबतीत माझं मत भाच्याकडे झुकतं. भर वस्तीत पोत्याने धान्य ओतणं बंद व्हावं. मावशीच्या मुठीबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण मुठी हजार झाल्या की त्याचं पोतं होतं. इथपर्यंत मी ग्रुपवर लिहिलं. मग भाच्याने विजयी मुद्रेने जोडलं, "परदेशात शिस्त आहे, आपल्याकडे नाही." इथे मात्र माझं आणि त्याचं पटत नाही.

आपल्याकडे कायदा इथल्यापेक्षा कडक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपला साधा कंठवाला राघू पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. इथे न्यू साउथ वेल्समध्ये पिंजऱ्यात वाढलेला पिवळ्या तुऱ्याचा काकाकुवा, गाला, कोरेला पाळायला परवानासुद्धा लागत नाही! आणि गंमत अशी की भारतात राघू पाळला तर गुन्हा, पण ऑस्ट्रेलियातला काकाकुवा सरकारी पोर्टलवर नोंदणी करून पिंजऱ्यात ठेवता येतो. ऑस्ट्रेलिया आपले जिवंत पक्षी विक्रीसाठी देशाबाहेर जाऊच देत नाही, तरी पुण्या-मुंबईच्या घरांत काकाकुवे आहेतच. काही पिंजऱ्यातच पैदा झालेले, काहींचा हिशेब कुणी विचारत नाही. भाच्याच्याच एका मित्राकडे आहे, अर्थातच त्याला नाव 'मिठू'. साठ-सत्तर वर्षं जगणारा, थव्यात वाढणारा, दिवसभर काहीतरी फोडायला लागणारा पक्षी चौदाव्या मजल्यावर. तेव्हा शिस्तीच्या बाबतीत दोन्ही देशांनी एकमेकांना शिकवायला जाऊ नये.

पोपटांचे फोटो काढता काढता माझं लक्ष भलतीकडेच गेलं. थाळीवर बसलेल्या पक्ष्याचा फोटो कुणालाही मिळतो. वसंतात, म्हणजे इथल्या ऑगस्ट-सप्टेंबरपासून, जोड्या जुन्या निलगिरीच्या खोडांभोवती घिरट्या घालायला लागतात, आत डोकावतात, भांडतात, हाकलून देतात, आणि तेव्हा कळतं की या शहरात खाण्याची टंचाई नाही, राहण्याची आहे. काकाकुवे, रोझेला, गाला, लोरिकीट, सगळे ढोलीत अंडी घालतात. ऑस्ट्रेलियात सुतारपक्षी नाही. म्हणजे ढोल्या कोरून देणारं कुणीच नाही. फांदी मोडायची, बुरशी लागायची, वाळवी शिरायची, आग लागायची आणि मग दोनशेएक वर्षांनी खोडात मोठ्या पोपटाला पुरेल एवढी पोकळी व्हायची. ढोल्या असलेली झाडं नाहीशी होणं हा इथे जैवविविधतेला कायद्याने नोंदलेला धोका आहे. तरी झाडं जातातच. समुद्राचा नजारा दिसावा म्हणून रात्री झाडात विष ओतणारे लोक सिडनीत आहेत. मग नगरपालिका त्याच जागी भलामोठा फलक लावते, म्हणजे नजारा दिसतच नाही. मला हा उपाय फार आवडतो.

आणि त्या मोजक्या ढोल्यांवर हक्क सांगायला आणखी एक पाहुणी आहे, आपली साळुंकी. एकोणिसाव्या शतकात किडे खायला म्हणून तिला इथे आणली, आता रोझेलांना ढोलीतून हुसकावते. लोक तिला सरळ 'इंडियन मैना' म्हणतात, काही नगरपालिका तिला पकडायला पिंजरे उसने देतात. शेजारच्या आजीबाईंनी साळुंकीला शिव्या घालता घालता माझ्याकडे पाहून "तुमच्याबद्दल नाही हं" अशी पुस्ती जोडली होती. आम्ही दोघी खूप हसलो.

आता नाशिक. २०२५ च्या अखेरीस तपोवनातल्या सुमारे अठराशे झाडांचा प्रश्न पेटला, कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी ती जाणार म्हणून. तेव्हा आमच्या ग्रुपवर, कबुतरांवरून पंधरा दिवस भांडलेल्या ग्रुपवर, जेमतेम दोन संदेश आले. एक नाशिकच्या मामेभावाचा, दुसरा माझा. आरेत ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन हजारांवर झाडं पडली तेव्हाही उत्तर तेच होतं आणि आताही तेच आहे, तोडू त्यापेक्षा कितीतरी जास्त लावू. महाराष्ट्राच्या कायद्यात २०२१ पासून पन्नास वर्षांपुढच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणतात, आणि झाडाचं वय जेवढं तेवढी रोपं लावायची आहेत. साठ वर्षांच्या झाडाबद्दल साठ रोपं. कागदावर हिशेब चोख. पण साठ रोपांत मिळून एकही ढोली नसते. राघूला, पिंगळ्याला, धनेशाला या साठ रोपांचं काय करायचं?

खरं तर आपली परिस्थिती इथल्यापेक्षा बरी आहे. आपल्याकडे सुतारपक्षी आहे, तांबट पक्षी आहे. शिरीषाची, सावरीची एखादी वठलेली फांदी नुसती राहू दिली तरी तांबट ती कोरतो, आणि त्याने सोडलेलं घर पुढे दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडतं. राघू त्या भोकाचं तोंड कुरतडून मोठं करतो. पण पावसाळ्याआधी छाटणी होते तेव्हा पहिला घाव वठलेल्या फांदीवर. रस्त्यावर लोंबणारी असेल तर घाला. माणूस मरता कामा नये. सोसायटीच्या मागच्या कुंपणाला, विद्यापीठाच्या आवारात, जिथे खाली कुणी उभं राहत नाही, तिथल्या फांद्या कशाला? वृक्षगणनेत झाडाची जात, घेर, उंची लिहितात, ढोली आहे की नाही हा रकानाही घालता येईल. इथे बांधकामाआधीच्या पाहणीत ढोल्यांची नोंद होते. त्याने सगळी झाडं वाचतात असं नाही, पण निदान काय जातंय ते लिहिलेलं असतं.

मावशीला हे पटलं, फक्त तिचा प्रश्न होता, "मग मी सकाळी काय करू?" मी तिला म्हटलं, समोरच्या आंब्याच्या ढोलीवर लक्ष ठेव, थंडी सरत आली की राघूंची जोडी येते का बघ.

मामेभावाला वेगळं सांगितलं. त्याच्याकडे चांगली लेन्स आहे आणि तो रविवारी तपोवनात जातो. झाडावर नोटीस लागली की हरकती मागवतात. "हिरवाई वाचवा" असं लिहिण्यापेक्षा कोणत्या झाडात कोणत्या तारखेला कोण आत शिरलं, याचा फोटो जोडून लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. तोच फोटो फेसबुकवर मात्र टाकू नये. पोपटांची पिल्लं विकणारे ढोल्याच शोधत असतात, तिथेही आणि इथेही. "मग लाइक्स?" त्याने विचारलं. काकाकुव्यांचे टाक म्हटलं, माझ्याकडचे घे, आमच्या कठड्यावर कुणाचं घरटं नाही.