आठव्या ग्रेडनंतरचा पियानो

मुंबईत पियानो शिकणाऱ्या मुलाची परीक्षेची आठवी, म्हणजे शेवटची, ग्रेड झाली की घरात एकच वाद सुरू होतो: आता क्लासिकलच करायचं, की कंटेम्पररी? तिथे कंटेम्पररी म्हणजे बहुधा पॉप आणि सिनेमाच्या स्टुडिओतलं काम. इथे कोलोनमध्ये त्याच शब्दाचा अर्थ श्टॉकहाउझन, बुलेझ, लिगेटी अशा विसाव्या शतकातल्या रचनाकारांचं संगीत. आईवडील एकाबद्दल बोलतात, शिक्षक दुसऱ्याबद्दल, आणि मूल ऐकत बसतं.

‘आधी बाख-बीथोवन पक्कं, मग नवीन’ हा क्रम मला पटत नाही. फ्रेंच पियानिस्ट पिएर-लोराँ एमारची कारकीर्द पाहा. 1957चा जन्म, 1973मध्ये फ्रेंच रचनाकार मेसियाँच्या नावाची स्पर्धा जिंकली. 1976मध्ये बुलेझनी नव्या संगीतासाठी वाद्यवृंद काढला, त्यात तो एकोणिसाव्या वर्षी दाखल झाला. लिगेटींनी आपले काही एत्यूद, म्हणजे तंत्राचा कस पाहणाऱ्या छोट्या रचना, त्याला अर्पण केले. वाद्यवृंद-संचालक हार्नोनकूरसोबत बीथोवनचे पाचही पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदाच्या रचना) आणि बाखचं ‘आर्ट ऑफ फ्यूग’ ही त्याची ध्वनिमुद्रणं त्यानंतरची. पाया त्याचाही पक्का होताच, पण नवीन संगीत त्याने बक्षीस म्हणून पुढे ढकललं नाही.

नव्या संगीतातून जुन्याला काय मिळतं, हे लिगेटींच्या पहिल्या एत्यूदमध्ये दिसतं. उजवा हात फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर, डावा फक्त काळ्यांवर. जोरकस स्वर आधी दोन्ही हातांत एकत्र पडतात, तीन-पाच, तीन-पाच. मग उजव्या हाताची एक मात्रा गळते आणि हात सुटे होतात. सराव करताना आधी फक्त जोराचे स्वर वाजवावेत, तोंडाने मोजत. मधल्या मात्रा नंतर भराव्यात. घाई केली तर हात नकळत पुन्हा जुळतात, आणि अंगठा पडतो तिथे नको तो जोर येतो. हा दोष गेला की बाखच्या फ्यूगमधला, म्हणजे अनेक सुरावटी एकाच वेळी चालणाऱ्या रचनेतला, मधला आवाजही वेगळ्या वजनाने ऐकू येतो. तबल्याजवळ बसून टाळी-खाली मोजलेल्या मुलाला हे हिशेब परके नाहीत. मुंबईच्या मुलाची ही खरी शिदोरी आहे, आणि तीच आपण परीक्षेच्या वहीत बंद ठेवतो.

दुसरा वाद वाद्याच्या आत हात घालण्याचा. अमेरिकन रचनाकार जॉन केजच्या ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’मध्ये (1946–48) आवाज बदलण्यासाठी पंचेचाळीस स्वरांच्या तारांत स्क्रू, बोल्ट, रबर बसवावे लागतात, दोन-तीन तास जातात. त्याच केजने 1946मध्ये भारतीय संगीतकार गीता साराभाईंकडून भारतीय संगीत समजून घेतलं, आणि या रचनेमागे रसांची कल्पना आहे. तरी आपल्याकडे ‘पियानो खराब होईल’ म्हणून ती नाकारली जाते.

ही भीती खोटी नाही. मुंबईच्या खाऱ्या हवेत घामट बोटाचा डाग पडला तरी तारेला गंज धरतो. त्यावर उपाय मात्र आहेत. सुती हातमोजे घालावेत. उजवं पेडल दाबून डॅम्पर (तारेचा नाद थांबवणाऱ्या गाद्या) उचललेले ठेवावेत, तारा लाकडी पट्टीने अलगद फाकवाव्यात आणि मगच स्क्रू सरकवावा. फिरवून घुसवू नये. खर्जातल्या तांब्याने मढवलेल्या तारांना पोलादी स्क्रू लावू नये, तिथे रबर पुरतं. केजने दिलेली इंचांतली मापं त्याच्या पियानोची आहेत. दुसऱ्या लांबीच्या पियानोवर जागा कानाने शोधावी लागते.

खरं नुकसान करतो पावसाळा. जुलैत आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते, पियानोला पंचेचाळीस-पन्नासच्या आसपास हवी. साउंडबोर्डचं, म्हणजे नाद वाढवणाऱ्या फळीचं, लाकूड फुगतं, मधल्या सप्तकांचे स्वर चढतात, पट्ट्यांखालचं फेल्ट फुगून पट्ट्या अडकतात. कार्यक्रमाच्या दिवशीच एसी लावला तर लाकूड झपाट्याने सुकतं आणि सकाळी लावलेले सूर मध्यंतरापर्यंत घसरतात. वाद्याच्या खोलीतला डीह्युमिडिफायर चोवीस तास चालू हवा.

कमाईचं थोडक्यात सांगतो. जर्मनीत ऑपेराच्या नाट्यगृहांत गायकांसोबत तालीम करणाऱ्या पियानिस्टला महिन्याचा पगार असतो. हे संगतीचं काम, आणि त्याला स्वरलिपीचं अनोळखी पान पाहताक्षणी वाजवता यावं लागतं. मुंबईत चांगल्या हार्मोनियम-साथीदाराची किंमत रसिकांना कळते. पियानो-संगत मात्र अजून ‘सोलो जमलं नाही’ म्हणून पाहिली जाते. आठव्या ग्रेडनंतर दोन वर्षं रोज अर्धा तास अनोळखी पान वाचायचं, आठवड्याला एका गायकासोबत बसायचं आणि वर्षाला एक तरी हयात रचनाकाराची रचना बसवायची, एवढं कोणत्याही क्लासला नव्या इमारतीशिवाय करता येईल. आणि हॉलवाल्यांनी आपला जुना, दुय्यम पियानो भंगारात न देता केजसाठी ठेवावा.