इडियमच्या याद्या पाठ करणं आता थांबवा

ऑफिसात उपयोगी पडणाऱ्या इंग्रजी इडियमच्या, म्हणजे वाक्प्रचारांच्या, याद्या लोक एकमेकांना सारख्या पाठवत असतात. स्पष्ट सांगते, त्यातून फारसं काही हाती लागत नाही. जो इडियम अजिबात कळत नाही, त्याचा तसा काही त्रास नसतो. माणूस विचारतो, नाहीतर टेबलाखाली फोन धरून गुपचूप शोधतो. घात करतो तो कळल्यासारखा वाटणारा.

'लेट्स टेबल धिस' घ्या. ब्रिटिश माणूस म्हणाला तर विषय चर्चेला घ्यायचा, अमेरिकन म्हणाला तर बाजूला ठेवायचा. दुसऱ्या महायुद्धात यावरून दोन्हीकडच्या लष्करी अधिकाऱ्यांची चांगलीच जुंपली होती. ब्रिटिशांना एक टिपण तातडीने चर्चेला घ्यायचं होतं, अमेरिकनांनाही तेच हवं होतं, आणि तरी वाद! चर्चिलनी युद्धाच्या आठवणींत हे लिहून ठेवलंय. दोन्ही बाजूंची मातृभाषा इंग्रजीच होती बरं का.

कोरियन युद्धातला किस्सा तर याहून वाईट. एप्रिल १९५१, इमजिन नदी. चिनी फौजांचा प्रचंड रेटा आलेला असताना ब्रिटिश ब्रिगेडियर ब्रोडी यांनी अमेरिकन वरिष्ठांना कळवलं, 'थिंग्ज आर अ बिट स्टिकी'. ब्रिटिश कानाला याचा अर्थ 'आम्ही मरतोय'. अमेरिकन कानाला, 'जरा अडचण आहे, पण निभावतंय'. ब्रोडींच्या हाताखालच्या ग्लॉस्टर बटालियनचे बहुतेक सैनिक शेवटी मारले गेले किंवा कैद झाले.

ऑफिसात जीव जात नाही, डेडलाइन जाते. साहेब 'व्हेनेव्हर यू गेट अ चान्स' म्हणाले की ते काम आजचं असतं. तेच बरोबरीच्या सहकाऱ्याने म्हटलं तर पुढच्या आठवड्यातही चालतं. हे कुठल्या यादीत सापडणार? 'बँडविड्थ नाहीये' म्हणजे सरळ नकार. 'टेक इट ऑफलाइन' म्हणजे इथे सगळ्यांसमोर नको, आणि बऱ्याचदा नंतरही नको.

सगळ्यात धोक्याचा मला वाटतो तो 'बॉलपार्क फिगर'. बेसबॉलमधून आलेला, अर्थ अंदाजे आकडा. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, 'जस्ट गिव्ह मी अ बॉलपार्क', आपण म्हणतो, सहा आठवडे लागतील. पुढच्या वेळी प्रेझेंटेशन उघडतं तेव्हा बॉलपार्क गळालेला असतो आणि सहा आठवडे ठळक अक्षरांत, तारखेसकट उभे असतात. म्हणून मी एकटा आकडा देतच नाही, 'सहा ते दहा' म्हणते आणि तसंच मेलमध्येही लिहून टाकते.

आणि ऐकणाऱ्यानेच सगळा अभ्यास का करावा? चार देशांची माणसं कॉलवर असताना 'टच बेस' (थोडं बोलून घेऊ) आणि 'स्टेप अप टू द प्लेट' (पुढे होऊन जबाबदारी घे) असे बेसबॉलचे शब्द फेकणाऱ्याचीही काही जबाबदारी आहे की नाही? बेसबॉल न बघितलेल्यांनी काय करायचं? (आपलेही लोक कमी नाहीत. प्रमोशन मिळालं की आठवड्याभरात 'सिनर्जी' सुरू.)

'लेट्स सर्कल बॅक', म्हणजे 'यावर नंतर बोलू', आलं की मी लगेच विचारते, 'गुरुवारी चारला इन्व्हाइट टाकू का?' 'हो, टाक' आलं तर खरंच बोलायचं असतं. 'बघू, सांगतो' आलं की मी ती फाइल बंद करून पुढच्या कामाला लागते.