चिचुंद्री, मोल आणि कवटीला बांधलेली चिठ्ठी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

'मराठवाड्यात मोल (इंग्रजीत mole, जमिनीखाली बिळे करून राहणारा छोटा सस्तन प्राणी) हा प्राणी नाही' या माझ्या विधानावर आपण हरकत घेतली आहे. सेलूजवळच्या आपल्या शेतात मातीचे ढीग निघतात, घरच्या कोशात 'मोल' म्हणजे चिचुंद्री असाच अर्थ दिला आहे आणि इंग्रजांनी संग्रहालयाच्या कपाटात भरून ठेवलेल्या कातड्यांपेक्षा शेतकऱ्याची नजर अधिक खरी असते, असे आपण लिहिता.

शेतकऱ्याच्या नजरेबद्दल माझे दुमत नाही; घोटाळा नावाचा आहे. चिचुंद्री रात्री भिंतीच्या कडेने चिरचिरत जाते आणि तिचे पुढचे पाय नाजूक असतात. मोलचे पुढचे पंजे फावड्यासारखे रुंद व तळवे बाहेर वळलेले असतात आणि त्याचे जवळजवळ सारे आयुष्य जमिनीखाली जाते. आपल्या काळ्या रानात ढीग काढते ती घूस. ढिगाखालचे बीळ खणले तर पुष्कळदा साठवलेली कणसे सापडतात. मोल मात्र गांडुळे व किडे खातो, धान्याला तोंड लावत नाही.

भारतात मोल आढळतात ते पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडे. हॉजसन या इंग्रज प्राणिअभ्यासकांनी १८४१ मध्ये नेपाळमधल्या आखूड शेपटीच्या मोलला शास्त्रीय नाव दिले आणि ब्लाइथ या दुसऱ्या इंग्रज अभ्यासकांनी १८५० मध्ये खासी टेकड्यांतल्या पांढऱ्या शेपटीच्या मोलला. हा दुसरा मोल पुढे पहिल्याचीच प्रादेशिक उपजाती समजला गेला. आज त्याला स्वतंत्र प्रजातीत (genus) ठेवतात. पहिल्याला ४४ दात असतात, दुसऱ्याला ४२, कारण त्याच्या वरच्या जबड्यात दोन्ही बाजूंना एकेक उपदाढ (दाढांच्या पुढचा दात) कमी असते. हा फरक पळत्या प्राण्याकडे पाहून कळणारा नाही. त्यासाठी साफ केलेली कवटी लागते, आणि उपजातीचा प्रश्नच मुळात प्रदेशाचा असल्यामुळे त्या कवटीला गाव व तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधलेली असावी लागते. मला त्या कपाटांचे मोल वाटते ते या चिठ्ठ्यांमुळे.

आपला एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. चिठ्ठीवर संग्राहक साहेबाचे नाव असते. बीळ दाखवणाऱ्या गावकऱ्याचे बहुधा नसते, आणि हा अन्याय आहे. कपाटात नमुना नाही एवढ्यावरून प्राणी नाही असे ठरत नाही, हेही खरे. परंतु मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेचे सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण १९११ मध्ये सुरू झाले तेच अजिंठ्याच्या डोंगरापलीकडच्या खानदेशातून, आणि तेव्हापासून आजवर दख्खनच्या पठारावरून मोलची एकही कवटी पुढे आलेली नाही.

आपल्या रानात मेलेला प्राणी सापडलाच, तर पुढच्या पंजाचे तळव्याकडून छायाचित्र घ्यावे, शिवाराचे नाव व तारीख लिहून ठेवावी आणि मला कळवावे. मी सेलूला येईन, आणि चिठ्ठीवर आपले नाव पहिले लिहीन.