मुद्दाम हरण्याची वकिली करणाऱ्यांना उत्तर

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगचा हंगाम फेब्रुवारीत शिरला की एक मजकूर दर वर्षी नव्याने फिरू लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, आशय तोच राहतो: "संघ नव्याने उभारायचा असेल तर अर्धवट जिंकण्यात काही अर्थ नाही. तयार खेळाडू विका, तळाला जा, ड्राफ्टमध्ये वरचा नंबर घ्या. मधल्या जागी अडकणं हे सगळ्यात वाईट. फिलाडेल्फियाने वाट दाखवली, ओक्लाहोमा सिटीने ती खरी करून दाखवली, सॅन अँटोनिओचं तर सगळं साम्राज्यच त्यावर उभं राहिलं." (ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची दरवर्षीची निवड; संघ आपापल्या नंबराप्रमाणे पाळीपाळीने निवडतात.) हे वाचून आपल्याकडची पहाटे उठून सामने बघणारी मुलंही मान डोलावतात, म्हणून यातला एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो आहे.

आधी माझा आक्षेप नेमका कशाला आहे ते सांगतो. कोवळ्या खेळाडूंना भरपूर खेळवायचं आणि त्यापायी हरावं लागलं तर हरायचं, याला माझी ना नाही. संघ घडण्याची ती रीतच आहे. पण धडधाकट खेळाडूला चौथ्या क्वार्टरमध्ये बाकावर बसवणं, सामना हाताशी येतोय असं दिसल्यावर तो सोडून देणं, आणि विजय वाढतील या भीतीने चांगला माणूस विकून टाकणं, ही वेगळी गोष्ट आहे. वरचा मजकूर याच गोष्टीला शहाणपण म्हणतो.

"तळाला गेलं की पहिला नंबर मिळतो."

नाही मिळत. एनबीएत दुबळ्या संघाला आधी निवडू द्यायचं हे तत्त्व जुनं आहे, आणि त्याचा गैरफायदा घेतला जातो ही तक्रारही जुनी आहे. म्हणून १९८५ पासून सोडत काढतात. प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्या, न गाठलेले १४ संघ त्या सोडतीत असतात. २०१९ पासूनच्या नियमांनी तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या नंबराची सारखीच, म्हणजे १४ टक्के संधी आहे. सोडतीतून फक्त पहिले चार नंबर ठरतात, त्यामुळे सगळ्यात जास्त हरलेला संघ पाचव्या नंबरापर्यंत घसरू शकतो. ही शक्यता थोडीथोडकी नाही, ४८ टक्क्यांच्या आसपास आहे.

२०१९ ते २०२५ या सात सोडतींत सगळ्यात खराब कामगिरीच्या संघाला पहिला नंबर एकदाही मिळालेला नाही. त्यांना मिळालेले नंबर ओळीने असे: तिसरा, दुसरा, दुसरा, तिसरा, पाचवा, पाचवा, पाचवा. २०२४ मध्ये पहिला नंबर अटलांटाला लागला, त्यांची संधी ३ टक्के होती. २०२५ मध्ये तो डॅलसला लागला, त्यांची संधी १.८ टक्के होती आणि त्यांनी ८२ पैकी ३९ सामने जिंकले होते. त्याच वर्षी १७ विजयांवर थांबलेला युटा पाचव्या नंबरावर गेला. तळापासून तिसरं स्थान सोडून अगदी तळ गाठण्यासाठी आणखी चार-पाच सामने फेकणाऱ्या संघाची पहिल्या नंबराची संधी तसूभरही वाढत नाही. तो पाचव्याच्या खाली घसरणार नाही एवढीच हमी त्याला मिळते.

"फिलाडेल्फियाने वाट दाखवली."

इथे थोडं थांबायला हवं, कारण मुद्दाम हरण्याचा सगळ्यात प्रामाणिक, सगळ्यात चिकाटीचा प्रयोग याच शहरात झाला. २०१३ च्या मे महिन्यात सॅम हिंकी सिक्सर्सचे, म्हणजे फिलाडेल्फियाच्या संघाचे, जनरल मॅनेजर झाले. पुढच्या तीन हंगामांत संघाने १९, १८ आणि १० सामने जिंकले. म्हणजे २४६ सामन्यांत ४७ विजय आणि १९९ पराभव. एका टप्प्यात सलग २६ सामने गेले, नंतर दोन हंगाम मिळून सलग २८. चाहत्यांनी याला 'द प्रोसेस' म्हटलं, त्यावर विश्वास ठेवा म्हणून स्टेडियममध्ये घोषणा दिल्या. एप्रिल २०१६ मध्ये हिंकींनी राजीनामा दिला, त्यानंतर काही आठवड्यांनी पहिला नंबर लागला. २०१७ मध्ये पुन्हा पहिल्या नंबरावर निवड झाली.

आता हाती काय आलं ते बघा. नर्लेन्स नोएल, जोएल एम्बीड, जलील ओकाफोर असे तीन सेंटर तीन वर्षांत ओळीने आले. एकाच जागेचे तिघे. कोर्टवर एका वेळी त्यांतला एकच नीट मावणार. ओकाफोर २०१५ मध्ये तिसऱ्या नंबरावर घेतला, त्याच ड्राफ्टमध्ये डेव्हिन बुकर तेराव्या नंबरापर्यंत शिल्लक होता. नोएल आणि ओकाफोर दोघेही २०१७ संपायच्या आत बाहेर गेले. २०१६ चा पहिला नंबर बेन सिमन्स. त्याची गोष्ट २०२१ मध्ये अटलांटाविरुद्धच्या सातव्या सामन्यात, रिकाम्या बास्केटखाली त्याने चेंडू दुसऱ्याकडे दिला तिथेच जवळजवळ संपली. २०१७ चा पहिला नंबर मार्केल फुल्ट्झ, त्याचा खांदा आणि शॉट दोन्ही बिघडले. उरला एम्बीड. तो खरोखर थोर खेळाडू निघाला, २०२३ चा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, झाला. त्याच्यासह सिक्सर्स २०१८ ते २०२३ या सहा वर्षांत पाचदा दुसऱ्या फेरीत पोचले आणि पाचही वेळा तिथेच हरले.

पण मला सगळ्यात जास्त खुपतो तो या प्रयोगाचा पहिला दिवस. जून २०१३ च्या ड्राफ्टच्या रात्री सिक्सर्सनी ज्रू हॉलिडेला न्यू ऑर्लिन्सला देऊन टाकलं. वय २३, त्याच वर्षी ऑल-स्टार सामना खेळलेला गार्ड, बचावात लीगमधल्या उत्तम खेळाडूंपैकी एक, स्वभावाने शांत. पोरांना दाखवून सांगावं, असं खेळा, असा खेळाडू. तो गेला, कारण तो असता तर संघ पुरेसा वाईट झाला नसता. हॉलिडे पुढे २०२१ मध्ये मिलवॉकीबरोबर आणि २०२४ मध्ये बोस्टनबरोबर विजेता झाला. फिलाडेल्फियात त्या वर्षांत जी मुलं आली, त्यांना पराभवाच्या रात्री ड्रेसिंग रूममध्ये शेजारी बसून समजावणारा असा माणूस नव्हता. नंबर कितीही वरचा असो, तो मुलगा ज्या खोलीत येतो ती खोली त्याला घडवते. मुद्दाम हरणारा संघ नेमकी तीच खोली रिकामी करतो.

"ओक्लाहोमा सिटीने ती वाट खरी करून दाखवली."

हा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे आणि तो मी झटकणार नाही. ओक्लाहोमा सिटीने २०२०-२१ मध्ये २२ आणि पुढच्या वर्षी २४ विजय मिळवले. २०२१ च्या मार्चमध्ये अल हॉरफर्डला उरलेल्या हंगामासाठी बसवलं, तो जखमी नव्हता. डिसेंबर २०२१ मध्ये मेम्फिसने त्यांना ७३ गुणांनी हरवलं, एनबीएच्या इतिहासातला तो सगळ्यात मोठा पराभव. आणि २०२५ मध्ये हाच संघ विजेता झाला.

फक्त विजेत्या संघातली माणसं कुठून आली ते मोजा. शे गिल्जस-अलेक्झांडर २०१८ च्या ड्राफ्टमध्ये अकरावा होता. तो २०१९ मध्ये पॉल जॉर्जच्या बदल्यात आला आणि सोबत ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवड करायचे पाच हक्क आले. त्यांतल्याच एका हक्कातून जेलन विल्यम्स बाराव्या नंबरावर मिळाला. लू डॉर्टला ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं. आयझाया हार्टेनस्टाइन करार करून आला. पराभवांतून थेट मिळाला तो दुसऱ्या नंबराचा चेट होल्मग्रेन, आणि सहाव्या नंबराचा जॉश गिडी, ज्याला पुढे देऊन ॲलेक्स करूसो आणला. होल्मग्रेनशिवाय ते जिंकले असते असं मी म्हणत नाही. पण पाया रचला गेला तो सौद्यांच्या टेबलावर, आणि तोही पॉल जॉर्जसारखा मोठा खेळाडू हाताशी होता म्हणून. जॉर्ज गेल्यानंतरच्या पहिल्या हंगामात ख्रिस पॉलच्या हाताखाली हा संघ ४४ सामने जिंकला होता, आणि शेचं त्या संघातलं पहिलं वर्ष तेच होतं. तो पराभवात वाढला नाही, ख्रिस पॉलच्या शेजारी वाढला.

"सॅन अँटोनिओ."

१९९६-९७ मध्ये डेव्हिड रॉबिन्सन जखमी झाला, फक्त ६ सामने खेळला, आणि आदल्या वर्षी ५९ सामने जिंकलेला संघ २० वर आला. सोडत लागली, टिम डंकन मिळाला. डंकन आला तेव्हा रॉबिन्सन बरा होऊन त्याची वाट बघत होता. दोन वर्षांत पहिलं विजेतेपद आलं. ही नशिबाची गोष्ट आहे. त्या नशिबाचा धडा म्हणून वापर करायचा असेल तर त्याच सोडतीतला बोस्टन आठवा. १५ विजय, सोडतीत दोन नंबर, दोन्ही मिळून ३६ टक्के संधी, आणि पदरात आले तिसरा आणि सहावा. २००७ मध्ये बोस्टनच्या बाबतीत पुन्हा तेच झालं: २४ विजय, केव्हिन ड्युरंटची आशा, आणि हाती पाचवा नंबर. तो पाचवा नंबर देऊन त्यांनी रे ॲलन आणला, मग केव्हिन गार्नेट आणला, आणि २००८ मध्ये विजेते झाले.

"मधल्या जागी अडकणं सगळ्यात वाईट."

ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज दोन सामने खेळले. भारतात झालेले एनबीएचे ते पहिले सामने. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. त्या वेळी पेसर्सना हमखास 'मधल्या जागी अडकलेले' म्हटलं जायचं, आणि किंग्ज तर २००६ नंतर प्लेऑफच्या दारातही गेले नव्हते. वर्षानुवर्षं वरचे नंबर त्यांच्याकडे येत होते. २०१८ मध्ये दुसऱ्या नंबरावर त्यांनी मार्विन बॅगली घेतला आणि लुका डॉन्चिचला सोडलं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये या दोन्ही संघांनी सौदा केला. पेसर्सनी डोमान्टस सबोनिस दिला, किंग्जनी टायरीस हॅलिबर्टन. सबोनिस तयार खेळाडू होता, हॅलिबर्टन बाराव्या नंबराचा. पुढच्याच हंगामात किंग्जनी ४८ सामने जिंकून १६ वर्षांचा दुष्काळ संपवला. पेसर्सचा सौद्याचा तो एक हंगाम २५ विजयांवर गेला, पण त्यांनी तिथे मुक्काम ठोकला नाही. २०२५ मध्ये ते अंतिम फेरीत सातव्या सामन्यापर्यंत पोचले, तेव्हा हॅलिबर्टनच्या जोडीला २७ व्या नंबराचा पास्कल सियाकम होता, तोही सौद्यातूनच आलेला. मधली जागा ही अडकायची जागा असते की उभं राहून हालचाल करायची, ते व्यवस्थापनावर आहे. विकण्याजोगा माणूसच संघात नसेल तर सौदा कशाचा करणार?

"थोर खेळाडू वरच्या नंबरांतूनच येतात."

वरच्या नंबरात थोर खेळाडू मिळण्याची शक्यता जास्त, हे खरंच आहे. पण २०१९ ते २०२५ चे एमव्हीपी मोजा: यानिस अँटेटोकुम्पो दोनदा, ड्राफ्टमध्ये पंधरावा. निकोला योकिच तीनदा, एकेचाळिसावा. शे, अकरावा. पहिल्या दहांतला एकटा एम्बीड. यानिस ज्या ड्राफ्टमध्ये पंधरावा गेला, त्यात पहिला नंबर अँथनी बेनेटचा होता.

"खेळाडू कुठे मुद्दाम हरतात? निर्णय वरचे लोक घेतात."

बरोबर. म्हणूनच तर राग येतो. एप्रिल २०२३ मध्ये प्ले-इनची, म्हणजे प्लेऑफमध्ये शिरायच्या पात्रता सामन्यांची, संधी शिल्लक असताना डॅलसने शिकागोविरुद्ध आपले प्रमुख खेळाडू बसवले, डॉन्चिचला थोडा वेळ खेळवून बाहेर काढलं, आणि सामना ३ गुणांनी गमावला. लीगने साडेसात लाख डॉलर दंड केला. त्या पराभवामुळे दुसऱ्या संघाकडे जाण्यापासून वाचलेल्या दहाव्या नंबराच्या जोरावर त्यांनी डेरेक लाइव्हली मिळवला आणि वर्षभरात अंतिम फेरी गाठली. इथे डाव साधला, हे मान्य करतो. तरीही त्या रात्री तिकीट काढून आलेल्या माणसाला संघाने जे दाखवलं त्याला खेळ म्हणायला माझी जीभ वळत नाही.

"चाहत्यांनाही हरणंच हवं असतं."

डेट्रॉइटला विचारा. २०२३ मध्ये सगळ्यात खराब संघ, पाचवा नंबर. पुढच्या हंगामात १४ विजय, पुन्हा पाचवा नंबर, आणि मध्ये सलग २८ पराभव, एका हंगामातला विक्रम. घरच्या मैदानात लोक संघ विकून टाका म्हणून ओरडत होते. त्या संघात पहिल्या नंबराचा केड कनिंगहॅम तेव्हाही होता. २०२४ च्या उन्हाळ्यात नवा प्रशिक्षक आला, आणि टोबायस हॅरिस, मलिक बीझली, टिम हार्डवे ज्युनिअर असे मुरलेले खेळाडू आणले गेले. केड तोच, बाकीची पोरंही बरीचशी तीच. विजय १४ वरून ४४ झाले. ८२ सामन्यांच्या हंगामात विजयांची तिप्पट आधी कुणी केली नव्हती.

पण मला आठवतो तो त्याच्या आधीचा, त्या २८ पराभवांनंतरचा, ३० डिसेंबर २०२३ चा सामना. त्या वेळी प्रत्येक पराभव ड्राफ्टच्या हिशेबात 'फायद्याचा' होता. टोरंटो पाहुणा संघ होता. डेट्रॉइट १२९-१२७ ने जिंकलं. लोक उभे होते, ओरडत होते, खेळाडू एकमेकांना मिठ्या मारत होते, आणि सोडतीतल्या संधीचा हिशेब त्या स्टेडियममध्ये कुणीही करत नव्हतं.